माझी मान हलवायची इंग्रजी

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "अम्मा, मेरी मराठी थोडी कच्ची है. हिंदी में समझाऊँ या इंग्लिश में?"

मी म्हणाले, "इंग्लिश."

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला आहे आणि तो नातवंडांना तिखटमीठ लावून सांगायला मला आवडतं. हा एक सांगताना मात्र अजून जीभ अडखळते. मला हिंदी येते. कोणाशीही भांडून जिंकता येईल इतकी येते. इंग्रजी येत नाही. 'ओके', 'थँक्यू', 'व्हेरी नाइस' आणि जेवताना म्हणायचं 'नो, नो, इनफ', एवढंच माझं भांडवल. तरी मी 'इंग्लिश' म्हणाले, कारण शेजारच्या खुर्चीवर माझी विहीण बसली होती.

हे लिहिते आहे ते माझं कौतुक व्हावं म्हणून नाही. आता औषधाच्या सगळ्या फेऱ्या संपल्या आहेत. केस परत येताहेत, तेही कुरळे आणि जरा जास्तच काळे, त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास नाही. पण त्या खुर्चीवर उद्या दुसरी कोणी बाई बसेल आणि माझ्यासारखीच मान हलवेल, म्हणून लिहिते.

*

माझ्या दोन परक्या भाषांची हकीकत आधी सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल.

माझं माहेर बार्शीटाकळीचं. वडिलांचा भाजीचा मळा. बाजाराच्या दिवशी मी वांग्याच्या ढिगापाशी बसायची आणि शेजारी रेहानाखालाची बांगड्यांची गाडी असायची. तिचं गिऱ्हाईक माझ्या वांग्यांवर पाय द्यायचं. दर बाजाराला भांडण. "अंधी है क्या, बैंगन दिखते नहीं?" हे वाक्य मी शाळेत जायच्या आधी बोलायला लागले. हिंदी मला कोणी शिकवली नाही. आपण एक भाषा शिकून राहिलो हेही मला माहीत नव्हतं. मला फक्त वांगी वाचवायची होती.

इंग्रजी आली ती लग्नानंतर, अमरावतीला. आमचे हे बँकेत. साहेब लोकांच्या पार्टीत बायकांनी इंग्रजी बोलायचं, निदान बोलल्यासारखं करायचं. घरून निघताना यांनी मला चार शब्द पाठ करून दिले आणि सांगितलं, "समोरचा थांबला की मान हलव, हसला की हस." मी तेव्हा पातळाला नवीनच पिना लावायला शिकले होते. स्वतःला फार हुशार समजायची. पहिल्याच पार्टीत मॅनेजरांच्या बायकोनं मला काहीतरी लांबलचक सांगितलं. ती थांबली. मी मान हलवली आणि म्हणाले, "व्हेरी नाइस!" ती नंतर माझ्याशी कधीच बोलली नाही. तिचा मुलगा बारावीत नापास झाला होता, हे मला स्कूटरवरून घरी येताना कळलं.

एखादी शहाणी बाई त्या दिवशी सुधारली असती. मी काय केलं? 'व्हेरी नाइस' कधी म्हणायचं नाही, तेवढं शिकले. बाकी मान हलवणं चालू ठेवलं आणि त्यात इतकी तरबेज झाले की माझ्या मुलाचं, महेशचं, लग्न ठरवताना विहिणीला मीच सांगितलं, "आमच्या घरी सगळ्यांना इंग्रजी येतं हो." विहीणबाई मुख्याध्यापिका. त्यांनी फक्त भुवई उचलली. तेव्हापासून त्यांच्यासमोर मी इंग्रजी समजणारी बाई.

हिंदीत मी भांडले म्हणून हिंदी आली. इंग्रजीत मी कधी भांडलेच नाही. फक्त लाजले. लाजेनं भाषा येत नाही, लपवायला तेवढं येतं.

*

गाठ मला ब्लाउज घालताना लागली. सून वर्षा म्हणाली, "आई, अकोल्याले दाखवू. माझ्या माहेराजवळ चांगले सर्जन हायेत."

मला तेव्हाच खटकलं. अमरावतीत दवाखाने संपले का? आणि मुलाच्या आईनं सुनेच्या माहेरी राहायचं? लग्नानंतर मी त्या घरी चहाच्या वर थांबले नव्हते. पण महेशला रजा नव्हती, वर्षाला अकोल्यात आईची मदत होती, आणि माझं कोणी ऐकेना.

तर निदानाचा दिवस. मी मधे, एका बाजूला वर्षा, एका बाजूला विहीणबाई. डॉक्टर तरुण होते, हैदराबादकडचे असावेत. मी 'इंग्लिश' म्हणताच त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. ते माझ्याकडे बघून बोलायला लागले. मधे कागदावर एक गोल काढला, त्याला बाण काढले. मी रांगोळी बघावी तशी बघत होते.

मी मूर्ख होते, पण बेसावध नव्हते. मी एकाच शब्दाची वाट बघत होते. कॅन्सर. तो शब्द मला कोणत्याही भाषेत कळला असता. तो आलाच नाही. त्याच्याऐवजी कुठलंतरी लांब नाव आलं, मॅलिग्नन्सी की काय, ऐकायला एखाद्या परदेशी फुलासारखं. 'ऑपरेशन' आलं. 'स्मॉल' आलं. 'गुड' दोनदा आलं. मी हिशेब केला: गाठ छोटी आहे, काढून टाकू, सगळं गुड आहे. डॉक्टर थांबले तिथे मान हलवली.

"एनी क्वेश्चन्स, अम्मा?"

"नो. थँक्यू, डॉक्टर."

डॉक्टर वर्षाकडे वळून म्हणाले, "व्हेरी स्ट्राँग लेडी." हे मला समजलं आणि मी मनातल्या मनात फुलून गेले.

आम्ही ऑटोत बसलो. वर्षा रस्त्याकडे बघत होती. विहीणबाईंनी माझा हात हातात घेतला. वीस वर्षांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. मी हळूच सोडवून घेतला. म्हटलं, ही बाई काय करून राहिली?

*

त्या दिवसापासून मी सगळ्यांवर नजर ठेवली.

विहीणबाईंनी सकाळी शिरा केला. का? सणवार नव्हता. महेश संध्याकाळी अमरावतीहून आला आणि दारातच माझ्या पाया पडला. हा दिवाळीलासुद्धा आठवण केल्याशिवाय पडत नाही. वर्षा मात्र दगडासारखी. औषध द्यायची, पाणी द्यायची, डोळ्याला डोळा देत नव्हती. मी खोलीत गेले की आईशी चाललेलं बोलणं थांबायचं, आणि सुरू झालं तर अर्धं इंग्रजीत.

तुम्ही म्हणाल, विचारायचं ना सरळ. कसं विचारणार? विचारलं की कळलं असतं, हिला डॉक्टरांचं अक्षरही समजलं नाही. तेही विहिणीच्या घरात, तिनं केलेला शिरा खाताना. आणि आमच्याकडे त्या रोगाचं नाव घरात घेत नाहीत. 'तसलं काही' म्हणतात, नाहीतर 'ते'. त्यामुळे मला सगळं माहीत आहे असं समजूनही तो शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. त्यांना वाटे, आई किती धीराची. मला वाटे, हे लोक माझ्यापासून काहीतरी लपवून राहिले.

एकदा तर मला वाटलं, मला इथेच ठेवायचा डाव आहे. अमरावतीच्या घरातली माझी खोली वर्षाला शिकवणीसाठी हवी होती, हे मला ठाऊक होतं. झालं, सगळे धागे जुळले. संशय आला की सगळंच जुळतं, त्यातच त्याची गंमत आहे.

*

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा काखेतून एक नळी निघालेली, तिच्या टोकाला बाटली. साध्या गाठीला काखेत नळी कशाला? विचारायची सोय नव्हती. मी शिकायचं ठरवलं.

वॉर्डातला दिवस लांब असतो. सकाळी चादर बदलतात, मग ताप बघतात, मग लहान डॉक्टर येतात, मग मोठे. आणि सगळे तुमच्या अंगावरून इंग्रजीत बोलतात, जशी तुम्ही उशी आहात. मी डोळे मिटून ऐकायची. परक्या भाषेत आधी शब्द कळत नाहीत, आधी कळतं आवाज कुठे खाली पडतो. माझ्या खाटेपाशी एका ठराविक जागी तो पडायचा. तिथला शब्द मी पकडायची, दुसऱ्या दिवशी परत आला की ओळखायची. 'ड्रेन' म्हणजे ती नळी. 'नॉट येट' म्हणजे आज काही मिळणार नाही. शेजारच्या खाटेवरची बाई 'डिस्चार्ज' या शब्दानंतर साडी बदलून घरी गेली, तेव्हा तोही कळला. कोणी शिकवत नव्हतं. मला परत वांगी वाचवायची होती.

तिथे शीबा सिस्टर होती, केरळची. गोल चेहऱ्याची, चालताना बुटांचा आवाज करणारी. मराठी बोलायची ती पक्की आमच्या वऱ्हाडातली, फक्त शब्दांना एक वेगळीच गिरकी.

"आजी, दुखून राह्यलं का? जोरानं का हळू?"

मी एकदा विचारलं, "सिस्टर, तुमाले मराठी कोणी शिकवली?"

"पेशंटनी. पयले 'दुखते' शिकली. मग 'कुठे दुखते'. मग 'लघवी झाली का'. 'काहून रडता' लय उशिरा शिकली."

"उशिरा काहून?"

"पयले वर्षभर मीच रडत होती ना, आजी."

आणि मग हसून सांगायला लागली की बाजारात तिचं काहीच चालत नाही. भेंडी कशी मागायची ते येत नाही. एकदा भाजीवाल्यासमोर उभी राहिली आणि सवयीनं विचारून बसली, "काका, रात्री झोप लागली का?" त्यानं तिला पाव किलो जास्त दिली. मला टाक्यांमुळे हसता येत नव्हतं, तरी हसले. त्या दिवसांतलं तेवढं एक सुख.

*

मग तो राउंड आला. महेश आला होता, वर्षा होती, विहीणबाई डबा घेऊन आलेल्या. मोठे डॉक्टर, तेच पहिल्या दिवसाचे, माझ्या खाटेशी उभे राहून पुष्कळ बोलले. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला होता. मी जीव कानात आणून ऐकलं. 'ट्रीटमेंट' कळलं. 'मन्थ्स' कळलं. शेवटी ते म्हणाले, "थिंक अबाउट इट, अम्मा. इट इज युवर डिसिजन." हेही बऱ्यापैकी कळलं. मला वाटलं, विचारताहेत, अजून इथे राहून ड्रेसिंग वगैरे करायचं की घरी जायचं. महिनोन्महिने अकोल्यात ठेवायचा बेत! डाव तो हाच.

मी मनात वाक्य जुळवलं. उसनं नाही, पाठ केलेलं नाही, आयुष्यातलं माझं स्वतःचं पहिलं इंग्रजी वाक्य. आणि सगळ्यांसमोर ठणकावून म्हणाले:

"नो मोअर ट्रीटमेंट. आय गो होम."

एकदम शांत झालं. मला वाटलं, माझ्या इंग्रजीनं गप्प झाले.

महेश पडद्याबाहेर गेला. मला त्याची पाठ हलताना दिसली. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "तुमचा निर्णय आहे, ताई. आम्ही मान ठेवू." वर्षानं डबा लोखंडी कपाटावर इतक्या जोरात आपटला की झाकण उडालं.

"आई, तुमी असं काहून करता?"

आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. महेश आला तो माझे पाय दाबत बसला. म्हणाला, "आई, तुझ्या मनाविरुद्ध काही करणार नाही आपण. परवा घरी नेतो तुला."

मी जिंकले होते. आणि तरी मला भीती वाटायला लागली. जिंकलेल्या माणसाचे पाय असे कोणी दाबत नाही.

*

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक लहान डॉक्टर माझ्या पायाशी उभे राहून शीबा सिस्टरला काही सांगत होते. मधेच तो शब्द आला. पहिल्या दिवसाचा, परदेशी फुलासारखा. आणि आवाज तिथेच खाली पडला.

ते गेल्यावर मी विचारलं, "सिस्टर, मॅलिग्नन्सी म्हणजे काय?"

तिच्या हातातली पट्टी थांबली. "आजी, सरनी तुमाले सांगितलं ना?"

आणि माझी मान हलली. सवयीनं, आपोआप, बँकेच्या पार्टीत हलायची तशी. खाली येता येता मी ती थांबवली. तेवढी मेहनत मला ऑपरेशनलाही पडली नव्हती.

"सांगितलं," मी म्हणाले. "मले समजलं नाही. मले इंग्रजी येत नाही, सिस्टर."

तिनं मला काही सांगितलं नाही, ते तिचं कामही नव्हतं. पट्टी ट्रेमध्ये ठेवली आणि बुटांचा आवाज करत गेली. थोड्या वेळानं मोठे डॉक्टर एकटेच आले. स्टूल ओढून बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"कॅन्सर है क्या?" मी विचारलं.

"हाँ, अम्मा."

"मर जाऊँगी?"

"इलाज लिया तो बहुत उम्मीद है. नहीं लिया, तो वापस आने का डर ज़्यादा है. परसों आपने मना किया."

"मैंने मना नहीं किया. मैंने घर बोला."

त्यांनी स्टूल अजून जवळ ओढलं. मग म्हणाले, "पहले दिन पूछा क्यों नहीं?"

"पूछती तो सबको पता चल जाता ना."

"गलती मेरी भी है," ते म्हणाले. "मैंने पूछा कि सवाल है क्या. ये नहीं पूछा कि आप क्या समझीं." मग त्यांनी सगळं हिंदीत परत सांगितलं. मी मधे मधे भांडले. इतकं कापलंत तर अजून औषध कशाला? केस जातील तर जातील, पण जेवण जाईल का? हे सगळं करून परत आलं तर कोणाला धरू? त्यांनी प्रत्येक भांडणाला उत्तर दिलं. जिथे उत्तर नव्हतं तिथे "ये मुझे नहीं मालूम" म्हणाले. त्या एका वाक्यावर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

शेवटी म्हणाले, "अब आप बताओ मुझे. आपकी अपनी बोली में."

मी बोलायला लागले. "मले कॅन्सर हाय. गाठ काढली. काखेतबी थोडा सापडला. औषध घ्या लागते, लय दिवस. घेतलं त..."

पुढचं बोलताच आलं नाही. हिंदीत मी कॅन्सरशी भांडून घेतलं होतं, इंग्रजीत तर तो फूल होता. आईच्या बोलीत तोंडातून निघाला तेव्हा तो माझ्या अंगात शिरला. डॉक्टरांनी घाई केली नाही. मी पदर तोंडावर घेतला, रडले, नाक पुसलं आणि उरलेलं वाक्य पूर्ण केलं: "...घेतलं त जगायची आशा हाय. मी घेते."

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर माझं एवढं ऐका. डॉक्टर बोलून थांबले की मान हलवू नका. त्यांनी काय सांगितलं ते आपल्या घरच्या बोलीत त्यांनाच परत सांगा. सांगता आलं तर समजलं. आणि सगळे एकाएकी गोड वागायला लागले तर संशय घ्या. संशय वाईट नसतो, तो पोटात धरून बसणं वाईट.

*

महेशला सांगणं सोपं होतं, तो माझंच पिल्लू. विहिणीला सांगणंही पुढे जमलं. अवघड होती वर्षा. मी शीबा सिस्टरच्या फोनवरून तिला निरोप दिला, एकटीच ये.

दुपारी आली. भाकरी, वांग्याची भाजी. मुकाट्यानं वाढायला लागली. मी तिचा हात धरला.

"वर्षा, थांब. मी औषध घेऊन राहिली. डॉक्टरले सांगतलं."

तिनं वर बघितलं. "परवा त नाही म्हणत होत्या."

"परवा मले माहीतच नव्हतं कायले नाही म्हणून राहिली. त्या पयल्या दिवशी डॉक्टर बोलले ना, त्यातलं मले काहीच समजलं नव्हतं. मले कॅन्सर हाय हे मले आज सकाळी समजलं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग थँक्यू काहून म्हणल्या?"

"तुही आई बसली होती ना बाजूले."

मला वाटलं आता ही हसेल. आयुष्यभर पुरेल असं हसू मी तिच्या हातात दिलं होतं. मग वाटलं चिडेल. चिडायचा तिला हक्क होता. माझ्या त्या मूर्ख मानेपायी तिनं आणि महेशनं दोन दिवस काय भोगलं असेल, हे मला तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांत दिसत होतं. मी मनात दोन्हींची उत्तरं तयार ठेवली, हसण्याचं वेगळं, चिडण्याचं वेगळं.

तिनं डब्याचं झाकण लावलं. खाटेवर बसायची नातेवाइकांना परवानगी नव्हती, तरी माझ्या पायाशी टेकली, नळीला धक्का लागणार नाही अशी. आणि म्हणाली:

"आई, तुमी त्या दिवशी इतक्या शांत होत्या, म्हणून मले तुमच्यासमोर रडताच आलं नाही. आता रडू का?"